खुर्चीत कोण बसले? : ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी व्यवहार खात्याचा इतिहास

आपल्या लोकांना या देशाचे दार उघडले ते दोन पंतप्रधानांच्या काळात. हॅरल्ड होल्ट यांनी १९६६ मध्ये 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणाची पकड सैल केली आणि गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने १९७३ मध्ये स्थलांतराच्या नियमांतून वंशाचा निकषच काढून टाकला. मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने सिडनी-मेलबर्नला येऊन स्थिरावली, मंडळे वाढली, स्मरणिका निघू लागल्या, हे सारे त्यानंतरचे. याच दोघांनी आणखी एका कामाला हात घातला होता. होल्ट यांनी मूळनिवासींच्या व्यवहारांसाठी केंद्र सरकारात पहिले कार्यालय उघडले आणि व्हिटलम यांनी त्याचे स्वतंत्र खाते केले. आपल्या कार्यक्रमांत आता गणेशवंदनेबरोबर या भूमीच्या मूळ रक्षकांनाही वंदन केले जाते. ज्यांना आपण वंदन करतो त्यांचा कारभार या देशाने कसा चालवला, याची नोंद आपल्या स्मरणिकेत असावी असे मला मनापासून वाटते. म्हणून हा इतिहास.

सरकारी कागदांत खात्याचा जन्म १९७२ चा आहे. त्याची कल्पना मात्र त्याहून ३४ वर्षांनी जुनी, आणि ती सरकारला सुचलेली नव्हे. २६ जानेवारी १९३८ रोजी गोऱ्यांच्या पहिल्या वसाहतीला १५० वर्षे झाली म्हणून सिडनीत मिरवणुका निघाल्या. त्याच दिवशी एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये जॅक पॅटन आणि विल्यम फर्ग्युसन यांनी आपल्या समाजाची सभा घेऊन शोकदिन पाळला. पाच दिवसांनी त्यांचे शिष्टमंडळ पंतप्रधान जोसेफ लायन्स यांना भेटले आणि दहा कलमांचे मागणीपत्र त्यांच्यापुढे ठेवले. मूळनिवासींचा सगळा कारभार राज्यांकडून काढून केंद्राने हाती घ्यावा. त्यासाठी मंत्रिमंडळाच्या दर्जाचा स्वतंत्र मंत्री असावा. प्रशासकाला सल्ला देण्यासाठी सहा जणांचे मंडळ नेमावे आणि त्यातले निदान तिघे मूळनिवासी असावेत, तेही त्यांच्याच संघटनेने सुचवलेले. लायन्स यांच्या सरकारने राज्यघटनेची अडचण पुढे केली आणि मागणीपत्र बासनात गेले.

पुढचा सगळा इतिहास मी या मागणीपत्राच्या कसोटीवर वाचतो. मंत्री मिळाला, खाते मिळाले, पैसाही मिळाला. त्या तीन खुर्च्यांचे काय झाले, हे या लेखात पाहायचे आहे.

राज्यघटनेची अडचण खोटी नव्हती. १९०१ साली सहा वसाहतींचे एक राष्ट्र झाले तेव्हा घटनेत मूळनिवासींचा उल्लेख दोन ठिकाणी आला, आणि दोन्ही ठिकाणी त्यांना वगळण्यासाठीच. कोणत्याही वंशाच्या लोकांसाठी खास कायदे करण्याचा अधिकार केंद्राला देणाऱ्या कलमात राज्यांतले मूळनिवासी वगळले होते. लोकसंख्या मोजताना त्यांना धरू नये, असे १२७ वे कलम सांगत होते. त्यामुळे कारभार राज्यांकडे, आणि राज्यांत तो 'संरक्षण' या नावाने चालत असे. व्हिक्टोरियाचा कायदा १८६९ चा, क्वीन्सलँडचा १८९७ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा १९०५ चा. न्यू साउथ वेल्समध्ये संरक्षण मंडळ १८८३ मध्ये स्थापन झाले आणि १९०९ मध्ये त्याला कायद्याचे बळ मिळाले. माणसाने कुठे राहावे, कोणाशी लग्न करावे, मजुरीतले किती पैसे हातात घ्यावेत, हे राज्याराज्यांतले सरकारी अधिकारी ठरवत. १९१५ च्या दुरुस्तीनंतर न्यू साउथ वेल्सच्या मंडळाला न्यायालयात न जाता मुले आईबापांपासून काढून नेता येऊ लागली. मुलींना कूटामंड्राच्या वसतिगृहात घरकामाचे शिक्षण द्यायचे, मुलग्यांना किंचेलाला धाडायचे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ए. ओ. नेव्हिल या एका माणसाने १९१५ ते १९४० अशी पंचवीस वर्षे हा कारभार पाहिला. १९९७ साली राष्ट्रीय चौकशीचा अहवाल आला. १९१० ते १९७० या काळात दहापैकी एक ते तीनपैकी एक मूळनिवासी मूल घरातून उचलून नेले गेले, असा त्याचा निष्कर्ष होता.

या मंडळांविषयी मवाळ शब्द वापरणे मला जमत नाही. त्यांच्या नोंदवह्या नीटनेटक्या असत. नाव, वय, कातडीचा रंग, कुठून आणले, कुठे पाठवले, सगळे टिपलेले. आई मात्र पोटच्या मुलाचा पत्ता विचारायला गेली तर तिला तो मिळत नसे. पुढे मोठी झालेली मुले याच वह्या चाळून आपल्या माणसांचा शोध घेऊ लागली. न्यू साउथ वेल्सचे मंडळ, मध्यंतरी 'कल्याण मंडळ' असे नाव बदलून, १९६९ पर्यंत टिकून राहिले.

घटना बदलण्यासाठी दहा वर्षे चळवळ चालली. तिच्या चेहऱ्यांपैकी एक होत्या फेथ बॅन्डलर. त्यांच्या वडिलांना लहान वयात आंब्रिम बेटावरून क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांत राबायला आणले होते. २७ मे १९६७ च्या सार्वमतात ९०.७७ टक्के मतदारांनी आणि सहाही राज्यांनी बदलाला होकार दिला. या सार्वमताने मूळनिवासींना मताधिकार दिला, असे आपल्याकडेही सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. केंद्रीय निवडणुकीतला मताधिकार १९६२ मध्येच मिळाला होता. १९६७ मध्ये वगळणुकीचे ते दोन उल्लेख गेले आणि केंद्राच्या हाती अधिकार आला. हाती आलेल्या अधिकाराचे काय करायचे हे मात्र मतपत्रिकेवर लिहिलेले नव्हते.

होल्ट यांनी त्या नोव्हेंबरात तीन जणांची एक परिषद नेमली. अध्यक्ष एच. सी. कूम्ब्स. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर, सात पंतप्रधानांचे विश्वासू, 'नगेट' या टोपणनावाने सर्वांना ठाऊक. दुसरे मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर, ज्यांनी १९३२ पासून उत्तरेच्या डेली नदीकाठच्या लोकांमध्ये अभ्यास केला होता. तिसरे बॅरी डेक्स्टर, लाओसमधले ऑस्ट्रेलियाचे राजदूत. त्यांच्या मदतीला पंतप्रधानांच्या खात्यात एक छोटे कार्यालय उभे राहिले, ऑफिस ऑफ ॲबोरिजिनल अफेअर्स, आणि डेक्स्टर त्याचे संचालक झाले. परिषद नेमून दीड महिनाही झाला नव्हता, तोच १७ डिसेंबरला होल्ट पोहायला म्हणून शेव्हियट बीचच्या लाटांत शिरले आणि परत आलेच नाहीत. ज्याच्या शब्दावर हे तिघे आले तो पंतप्रधानच गेला.

या तिघांबद्दल मला आदर आहे. त्यांच्यामागे कायदा नव्हता, हाताखाली मोजकी माणसे होती, आणि नॉर्दर्न टेरिटरीतल्या मूळनिवासींचा प्रत्यक्ष कारभार अजून गृहव्यवहार खात्याकडेच होता. पशुपालकांचे हितसंबंध जपणारा कंट्री पक्ष सरकारात भागीदार होता. वेव्ह हिल या गुरांच्या विशाल मळ्यावरचे गुरिंजी लोक व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्या नेतृत्वाखाली ऑगस्ट १९६६ मध्ये काम सोडून निघाले होते आणि आपल्या पूर्वजांच्या भूमीवर ठाण मांडून बसले होते. त्यांना थोडीशी जमीन तरी द्या, असा प्रस्ताव नवे मंत्री विल्यम वेंटवर्थ यांनी परिषदेच्या पाठबळाने १९६८ मध्ये मांडला. मंत्रिमंडळाने तो फेटाळला. स्टॅनर यांनी त्याच वर्षी आकाशवाणीवर दिलेल्या बॉयर व्याख्यानांत ऑस्ट्रेलियाच्या इतिहासलेखनातल्या मौनावर बोट ठेवले आणि इथल्या विद्यापीठांमधले इतिहासलेखन त्यानंतर बदलू लागले. कार्यालयाने संस्थांना अनुदाने दिली, शिष्यवृत्त्या सुरू केल्या, राज्यांना पैसा देऊन त्यांच्याकडून कामे करून घेतली. पण १९३८ च्या कसोटीवर पाहिले तर परिषदेत तीन खुर्च्या होत्या आणि तिन्हींवर गोरी माणसे बसली होती. त्यांची तळमळ खरी होती, म्हणून हे लिहिताना अधिकच वाईट वाटते.

१९७१ मध्ये पंतप्रधान मॅकमहन यांनी मूळनिवासी, पर्यावरण आणि कला हे तीन विषय एकाच मंत्र्याच्या पदरात टाकले. त्याच वर्षी भूमीच्या मालकीविषयीच्या गोव्ह खटल्याचा निकाल लागला. योल्ंगू लोकांची भूमीविषयीची व्यवस्था न्या. ब्लॅकबर्न यांना मान्य झाली, पण इंग्रजी कायद्यात त्यातून मालकी हक्क निघत नाही, असे ते म्हणाले. मग २६ जानेवारी १९७२ रोजी मॅकमहन यांनी जाहीर केले की जमिनीचा हक्क मिळणार नाही, अटींवर भाडेपट्टा मिळू शकेल. त्याच रात्री सिडनीहून चार तरुण कॅनबेराला पोचले आणि संसद भवनासमोरच्या हिरवळीवर त्यांनी समुद्रकिनाऱ्यावरची एक छत्री रोवली. आपल्याच भूमीवर आम्ही परके असू तर इतर देशांसारखा आमचाही दूतावास हवा, असा त्यामागचा विचार. तंबूंचा तो दूतावास पोलिसांनी जुलैत उखडला, लोकांनी पुन्हा उभारला.

डिसेंबरात व्हिटलम निवडून आले आणि १९ डिसेंबर १९७२ रोजी मूळनिवासी व्यवहार खाते अस्तित्वात आले. गॉर्डन ब्रायंट मंत्री, डेक्स्टर सचिव. टेरिटरीतली कल्याण शाखा नव्या खात्यात आली. धोरणाचा शब्दही बदलला. आधी 'सामीलीकरण' होते, आता 'स्वयंनिर्णय' आला. ब्रायंट यांची कारकीर्द वर्षभरही टिकली नाही आणि तीन वर्षांत तीन मंत्री झाले, ही धांदल खात्याला बाधली. तरी त्या तीन वर्षांत जे झाले ते आधीच्या सत्तर वर्षांत झाले नव्हते. रेडफर्नमध्ये लोकांनी स्वतःच्या हिमतीवर सुरू केलेली कायदा मदत सेवा आणि दवाखाना यांसारख्या संस्थांना देशभर सरकारी पाठबळ मिळाले. जमीनहक्कांसाठी न्या. वुडवर्ड यांचा आयोग बसला. आणि १६ ऑगस्ट १९७५ रोजी व्हिटलम गुरिंजींच्या डागुरागूला गेले, ३,२०० चौरस किलोमीटरहून अधिक जमिनीचा पट्टा त्यांनी दिला आणि लिंगिआरी यांच्या ओंजळीत मूठभर लाल माती ओतली.

तो क्षण ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, तो एका छायाचित्रामुळे. ते काढले मर्विन बिशप यांनी. ब्रेवॉरिनाचे बिशप हे मूळनिवासी समाजातले पहिले वृत्तपत्र छायाचित्रकार, आणि त्या दिवशी ते मूळनिवासी व्यवहार खात्याच्या नोकरीत होते. मूळ सोहळा मांडवाच्या सावलीत झाला होता. बिशप यांनी दोघांनाही उन्हात यायला सांगितले आणि तो प्रसंग निळ्या आकाशाखाली पुन्हा करून घेतला. पंतप्रधानांना 'जरा इकडे उभे राहा' असे सांगणारा खात्याचा एक मूळनिवासी कर्मचारी! खात्याने छापलेले अहवाल कपाटांत गेले, हे एक छायाचित्र देशाच्या स्मरणात राहिले.

खुर्च्यांचा प्रश्न या काळात पुन्हा उघडपणे मांडला गेला. नोव्हेंबर १९७३ मध्ये मूळनिवासी मतदारांनी ४१ प्रतिनिधींची एक राष्ट्रीय सल्लागार समिती निवडली. निवडून आलेल्यांनी लगेच विचारले, आम्ही नुसता सल्ला का द्यायचा, पैसा कुठे खर्चायचा हे आम्ही का ठरवायचे नाही? मंत्री कॅव्हना यांनी मानधन थांबवण्याचा इशारा दिला. व्हिटलम यांच्यानंतर आलेल्या फ्रेझर सरकारने १९७७ मध्ये तिच्या जागी दुसरे निर्वाचित मंडळ आणले. त्या मंडळाने १९७९ मध्ये सरकारशी करार करण्याची मागणी केली. १९८५ मध्ये तेही गेले. सल्ला नको असला की सल्लागार मंडळ बरखास्त करायचे, ही रीत इथून पडली.

फ्रेझर यांच्या बाजूनेही लिहायला हवे. व्हिटलम यांनी मांडलेले जमीनहक्काचे विधेयक त्यांच्या पडझडीत अडकले होते. फ्रेझर सरकारने ते काहीसे आखडते घेऊन का होईना, १९७६ मध्ये संमत केले. नॉर्दर्न टेरिटरीची सुमारे निम्मी भूमी आज त्या कायद्याखाली मूळनिवासींच्या मालकीची आहे. १९७७ मध्ये खात्याने एक रोजगार योजना सुरू केली. बेकारभत्ता एकेकाला वाटण्याऐवजी वस्तीला एकत्र द्यायचा आणि वस्तीने त्यातून कामे काढून मजुरी द्यायची. महाराष्ट्राच्या रोजगार हमी अधिनियमाचे सालही १९७७ च. खात्याची ही योजना १९९० च्या दशकात तीस हजारांहून अधिक माणसांपर्यंत पोचली. दूरच्या वस्त्यांमधली दुकाने, कचरागाड्या, कला केंद्रे आणि वनरक्षकांची पथके तिच्यावर चालत.

आता चार्ल्स पर्किन्स. ॲलिस स्प्रिंग्सच्या जुन्या तारघरात मूळनिवासींसाठी केलेल्या बंदिस्त वस्तीत १९३६ मध्ये जन्म. फुटबॉलच्या बळावर ते इंग्लंडपर्यंत गेले, परत आले, सिडनी विद्यापीठात शिकले. विद्यार्थी असतानाच १९६५ मध्ये त्यांनी बसभर विद्यार्थी घेऊन न्यू साउथ वेल्सच्या गावांचा दौरा काढला. मोरी गावच्या जलतरण तलावात मूळनिवासी मुलांना मज्जाव होता. पर्किन्स मुलांना घेऊन तलावाच्या दारात उभे राहिले, गावाचा जमाव अंगावर आला, तरी हटले नाहीत. १९६९ मध्ये तेच पर्किन्स कॅनबेरातल्या कार्यालयात नोकरीला लागले. सरकारी नोकराने सरकारविरुद्ध बोलू नये, हा नियम त्यांना कधी मानवला नाही आणि वरिष्ठांशी त्यांचे वारंवार खटके उडाले. १९८० मध्ये ते मूळनिवासी विकास आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९८४ मध्ये खात्याचे सचिव. केंद्र सरकारच्या एखाद्या खात्याच्या प्रमुखपदी मूळनिवासी माणूस बसण्याची ती पहिलीच वेळ. १९३८ च्या मागणीपत्राने फक्त सल्लागारांच्या खुर्च्या मागितल्या होत्या, इथे प्रशासकाचीच खुर्ची मिळाली. १९८८ मध्ये गैरव्यवस्थेच्या आरोपांत त्यांना पद सोडावे लागले. पुढे ते त्या आरोपांतून मुक्त झाले, पण गेलेली खुर्ची परत आली नाही.

त्याच सुमारास मंत्री जेरी हँड नव्या संस्थेची आखणी करत होते. प्रादेशिक परिषदा लोकांनी निवडायच्या, परिषदांमधून आयुक्त यायचे, आणि सल्ल्याबरोबर खर्चाचा निर्णयही त्यांनीच घ्यायचा. विरोधी पक्षनेते जॉन हॉवर्ड यांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला. देशात दुसरे राष्ट्र उभे राहील, असा त्यांचा आक्षेप. शेकड्याच्या घरात दुरुस्त्या पचवून १९८९ मध्ये कायदा झाला आणि ५ मार्च १९९० रोजी जुने खाते व विकास आयोग दोन्ही विसर्जित होऊन मूळनिवासी व टॉरेस सामुद्रधुनी बेटवासी आयोग सुरू झाला. लोक त्याला आद्याक्षरांवरून 'ॲट्सिक' म्हणत. आरंभी ६० प्रादेशिक परिषदा होत्या.

पहिल्या अध्यक्ष लोविचा ओ'डोनाह्यू. त्यांची हकिगत आपल्यासारख्या भारतीयांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. यांकुनिचाचारा आईची ही मुलगी दोन वर्षांची असताना मिशनच्या अनाथगृहात नेली गेली. तिथे तिचे नाव लोइस झाले आणि जन्मतारीखही कोणीतरी ठरवून टाकली. रॉयल ॲडिलेड रुग्णालयात परिचारिका होण्यासाठी त्यांना झगडावे लागले, कारण मूळनिवासी मुलींना तिथे घेत नसत. १९६२ मध्ये त्या बॅप्टिस्ट मिशनतर्फे आसामात परिचारिका म्हणून गेल्या. चीनचे युद्ध पेटले तेव्हा त्यांना कलकत्त्याला हलवण्यात आले आणि तिथून त्या मायदेशी परतल्या. तीसहून अधिक वर्षांच्या ताटातुटीनंतर त्यांना आई भेटली. पुढे मूळनिवासी व्यवहार खात्यात त्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या विभागीय संचालक झाल्या. ज्या यंत्रणेने मुले उचलली तिच्या वारस यंत्रणेत त्या काम करत होत्या. त्यात त्यांना विसंगती वाटली नसेल असे नाही, पण आतून बदल करता येईल असे मानणाऱ्या त्या पिढीच्या त्या होत्या. डिसेंबर १९९२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे भाषण केले.

त्याच वर्षी ३ जूनला उच्च न्यायालयाने माबो खटल्यात निकाल दिला होता की इंग्रज आले तेव्हा ही भूमी बेवारस नव्हती आणि मूळ मालकी कायद्याला ओळखावी लागेल. खाणकंपन्या आणि पशुपालक घाबरले, राज्य सरकारे ओरडू लागली. १९९३ मध्ये पंतप्रधान कीटिंग यांच्यासमोर कायद्याचा मसुदा ठरवताना मूळनिवासींच्या बाजूने वाटाघाटीला बसलेल्यांत ओ'डोनाह्यू अग्रभागी होत्या. संसदेत येणाऱ्या कायद्याच्या वाक्यावाक्यावर मूळनिवासी नेते सरकारशी घासाघीस करत आहेत, हे दृश्य देशाने तोवर पाहिले नव्हते. ॲट्सिकचे इतर काहीही विसरले गेले तरी ही वाटाघाट विसरली जाऊ नये. १९९४ मध्ये पॅट टर्नर आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. त्या चार्ल्स पर्किन्स यांची भाची.

मग ॲट्सिक का बुडाले? त्याला वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर मिळत, असे सांगून लोक आजही हिशेब मागतात. त्यातला मोठा वाटा रोजगार योजना आणि घरबांधणी यांसाठी आधीच बांधलेला होता. शिक्षण आयोगाकडे कधी नव्हतेच. आरोग्य १९९५ मध्ये काढून आरोग्य खात्याला दिले. तरीही शाळेतली गळती असो की बालमृत्यू, वर्तमानपत्रांत जाब ॲट्सिकला विचारला जाई. मतदान ऐच्छिक असल्याने ते कमी होई आणि त्यातूनही विरोधकांच्या हाती कोलीत मिळे. १९९६ मध्ये हॉवर्ड पंतप्रधान झाले. अंदाजपत्रकात चार वर्षांसाठी चाळीस कोटी डॉलरहून अधिक कपात झाली. अनुदान घेणाऱ्या संस्थांची विशेष तपासणी झाली आणि बहुतेक सर्व संस्था तीत पात्र ठरल्या, पण संशय मात्र मागे राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये आयुक्तांनी प्रथमच स्वतःचा अध्यक्ष निवडला, जेफ क्लार्क. त्यांची कारकीर्द न्यायालयीन प्रकरणांनी झाकोळली आणि संस्थेची पत घसरली. हा दोष संस्थेच्या आतला होता आणि तो झाकण्यात अर्थ नाही. शिवाय दूरच्या वस्त्यांतल्या स्त्रियांना आपला आवाज तिथे पोचत नाही असे वाटे, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

२००३ मध्ये जॅकी हगिन्स, जॉन हॅनाफर्ड आणि बॉब कॉलिन्स यांच्या समितीने अहवाल दिला. अधिकार प्रादेशिक परिषदांकडे सरकवा, संस्था दुरुस्त करा, असा त्याचा रोख होता. मोडा, असे त्यांनी म्हटले नव्हते. मार्च २००४ मध्ये मजूर पक्षाचे नेते मार्क लॅथम यांनी जाहीर केले की आम्ही सत्तेत आलो तर ॲट्सिक बंद करू. दोन आठवड्यांनी हॉवर्ड यांनी तेच जाहीर केले. दोन्ही पक्ष एकत्र आले की या देशात काम झपाट्याने होते. २४ मार्च २००५ च्या मध्यरात्री ॲट्सिक संपले, ३० जूनला प्रादेशिक परिषदा संपल्या. पंधरा वर्षे निर्णय घेणाऱ्या खुर्च्या एका कायद्याने उचलल्या गेल्या. घर पावसात गळते म्हणून कौले चाळायची सोडून घरच पाडले, एवढेच म्हणता येईल.

नंतरची चौदा वर्षे नावे आणि टेबले बदलण्यात गेली. योजना निरनिराळ्या खात्यांत विखुरल्या, समन्वय कार्यालय आधी स्थलांतर खात्याला जोडले, मग कुटुंबकल्याण खात्याला, २०१३ मध्ये पंतप्रधानांच्या खात्याला. २००७ च्या जूनमध्ये टेरिटरीतल्या वस्त्यांत सैन्याच्या मदतीने 'हस्तक्षेप' झाला आणि त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा तिथे स्थगित केला गेला. तेव्हा विचारायला, अडवायला, निदान दुरुस्ती सुचवायला लोकांनी निवडलेले एकही राष्ट्रीय व्यासपीठ उरले नव्हते. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान रड यांनी हिरावलेल्या पिढ्यांची संसदेत माफी मागितली. ती ऐकताना सभागृहात आणि बाहेरच्या हिरवळीवर लोक ढसाढसा रडले. २०१० मध्ये राष्ट्रीय काँग्रेस नावाची संस्था निघाली, तीन-चार वर्षांत तिचा निधी आटला आणि २०१९ मध्ये तिला कुलूप लागले.

सध्याची राष्ट्रीय मूळनिवासी ऑस्ट्रेलियन एजन्सी १ जुलै २०१९ पासूनची. तेव्हाचे मंत्री केन वायट. ज्या मिशनमध्ये त्यांची आई घरातून काढून आणली गेली होती तिथेच त्यांचा जन्म झाला होता. या विषयाचे मंत्रिपद मूळनिवासी व्यक्तीकडे येण्याची ती पहिली वेळ आणि तेव्हापासून ते मूळनिवासी व्यक्तीकडेच राहिले आहे. वायट यांच्यानंतर लिंडा बर्नी, त्यांच्यानंतर मलार्नदिरी मॅकार्थी. २०२० मध्ये विषमता मिटवण्याचा नवा राष्ट्रीय करार झाला. सरकारांच्या समोर, समाजाच्या स्वतःच्या संस्थांच्या वतीने, सही करायला पॅट टर्नर होत्या.

१४ ऑक्टोबर २०२३ चे सार्वमत आपल्यापैकी बहुतेकांनी मतदार म्हणून अनुभवले. संसदेला आणि सरकारला सल्ला देणारे मूळनिवासींचे मंडळ घटनेतच नोंदवावे, म्हणजे ते कोणाला सहजी मोडता येणार नाही, असा प्रस्ताव होता. साठ टक्के मतदारांनी आणि सहाही राज्यांनी नकार दिला. होकार फक्त कॅनबेराच्या राजधानी क्षेत्रातून आला. १९३८ मध्ये मागितली होती त्याहून ही मागणी फार मोठी नव्हती. मी होकाराचे मत दिले होते आणि निकालाचे दुःख अजून ओसरलेले नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र राज्याच्या कायद्याने असे मंडळ केले आणि मार्च २०२४ मध्ये त्याची पहिली निवडणूक घेतली. व्हिक्टोरियातली पहिल्या लोकांची सभा २०१९ पासून निवडून येते आहे.

ॲट्सिकची एक शाखा मात्र कोणी तोडली नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, माबो खटल्यातल्या एडी माबो यांच्या मेर बेटासह पसरलेल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांसाठी १ जुलै १९९४ रोजी वेगळे प्रादेशिक प्राधिकरण केले गेले होते. २००५ च्या कायद्याने ॲट्सिक गेले, ते राहिले. त्याचे मुख्य कार्यालय थर्सडे आयलंडवर आहे. त्याच्या मंडळात वीस सदस्य आहेत, सगळे बेटांवरच्या लोकांनी निवडलेले, आणि दर चार वर्षांनी ती निवडणूक होते.